पाण्याची पाळी

कुंभकोणमहून तंजावरकडे जाताना वाटेत पापनाशम् लागते. तेथील तिरुप्पालैत्तुरैच्या शिवमंदिरापाशी विटांचे एक प्रचंड धान्यकोठार उभे आहे. नायक राजांच्या अमदानीत, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात ते बांधले गेले. त्याच्या भिंतीपाशी उभे राहणाऱ्याला प्रथम संचयाचा दिलासा वाटतो. मग एक बोचरा विचार मनात येतो. भात साठवता येते. भात पिकवण्याचे दिवस मात्र कोणत्याही कोठारात राहत नाहीत.

कचेरीत उभा जन्म काढलेल्या माणसाला हे सहज उमगत नाही. त्याच्या मेजावर फायलींची चळत असते. रोज सकाळी तो कामांची यादी करतो आणि संध्याकाळी तीच यादी उद्याच्या तारखेखाली उतरवून ठेवतो. ‘उद्या’ हेच त्याचे कोठार. वेळ वाचवण्याची भाषा तो करतो, जणू घटका पोत्यात भरून ठेवता येतात. कामे तुंबतात ती आळसाने, असे समजून तो अधिक उशिरापर्यंत बसतो. चळत तेवढीच राहते.

पापनाशमच्या शिवाराला ही चैन परवडत नाही. कावेरीवरचे मेट्टूर धरण १९३४ साली पूर्ण झाले. त्यातून पाणी सोडण्याची रूढ तारीख १२ जून. या तारखेवरून पुढचेमागचे दिवस मोजले जातात. पाणी येण्याआधी कालव्यांतला गाळ निघालेला हवा. ‘कुरुवै’ हे कमी मुदतीचे भात ईशान्य मोसमी पावसाने झोडपण्यापूर्वी कापून झाले पाहिजे, कारण त्याच शेतात नंतर ‘ताळडी’ची लावणी व्हायची असते. एक काम लांबले की त्याचा भार पुढच्यावर पडतो.

पण ही तारीख शेतकऱ्याच्या हाती नसते. २०१२ ते २०१९ अशी सलग आठ वर्षे १२ जूनला पाणी सुटले नाही. २०१७ मध्ये तर ऑक्टोबर उजाडला. ज्याच्यापाशी कूपनलिका नाही, तो अशा वेळी बहुधा कुरुवैवर पाणी सोडतो आणि ‘सांबा’ या दीर्घ मुदतीच्या एकाच पिकावर वर्ष काढतो. एका हंगामाची कमाई बुडते, देणे वाढते. तरी दोन्ही पिकांच्या हट्टापायी दोन्ही गमावण्यापेक्षा ते बरे. काय करायचे नाही हे वेळेवर ठरवणे, हा नियोजनातला सर्वांत कठीण भाग त्याने सोसून शिकलेला असतो.

कचेरीच्या जगातही हे सांगणारा एक मराठी माणूस याच परिसरातला. टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणमला जन्मले. त्रावणकोर आणि इंदूर येथील दिवाणगिरीनंतर, मल्हारराव गायकवाड पदच्युत झाल्यावर, १८७५ मध्ये ते बडोद्याचा विस्कटलेला कारभार सावरायला आले. अल्पवयीन सयाजीरावांच्या हाती राज्याधिकार येण्याच्या सुमारास, १८८१ मध्ये, त्यांनी दिलेली व्याख्याने ‘मायनर हिंट्स’ या नावाने ग्रंथरूप झाली. राजाने सर्वच कामे अंगावर घेऊ नयेत, तपशील जबाबदार अधिकाऱ्यांवर सोपवून स्वतः देखरेख करावी, असा त्यांचा आग्रह होता. मुख्य कालव्याने शेतोशेती फिरू नये. पाटाचाऱ्यांना पाणी द्यावे आणि ते शेवटच्या शेतापर्यंत पोचते की नाही ते पाहावे, तसेच हे.

शेवटचे शेत कचेरीलाही असते. चळतीच्या तळच्या फायलीत कोणाचे तरी निवृत्तिवेतन अडकलेले असते, आणि तो माणूस दूर कोठेतरी टपालाची वाट पाहत असतो. म्हणून आवराआवर म्हणजे मेज स्वच्छ दिसणे नव्हे. एका फायलीवर ‘शक्य नाही’ असे स्पष्ट लिहून ती परत पाठवणे, दुसरी ज्याची त्याच्या हाती देणे, आणि तळची वर काढून आजच उघडणे, एवढेच ते असते. पाळी चुकली की पाणी मागे फिरत नाही.