आमच्या गावचे पाणी

आमच्या छत्रपती संभाजीनगरला पाहुण्यांचे दुर्भिक्ष कधीच नसते. वेरूळ तीसेक किलोमीटरवर, अजिंठा शंभराच्या घरात, देवगिरी तर वाटेतच; तेव्हा दिवाळीच्या सुटीत ओळखीची, अर्धवट ओळखीची आणि 'मावसभावाचे शेजारी' या नात्याची मंडळीसुद्धा यायचीच. त्यांचा कार्यक्रमही ठरलेला. एक दिवस वेरूळ, एक दिवस अजिंठा आणि उरलेल्या संध्याकाळी बीबीचा मकबरा. "ताजमहालासारखाच, पण जरा लहान, नाही?" हे वाक्य तेथे उच्चारले गेले की दर्शन पुरे झाले असे समजावे. मग परतताना, जवळच आहे म्हणून, पाणचक्की. तिच्या वाट्याला दहा मिनिटे.

मला विचाराल, तर साऱ्या सहलीत सावकाश पाहावे असे ठिकाण हेच. गावाच्या उत्तरेकडचे डोंगरातले झरे हेरून तेथून आठेक किलोमीटर जमिनीखालच्या खापरी नळांतून येथवर पाणी आणले, भिंतीवर चढवले आणि तेथून हौदात सोडले. त्या पाण्याच्या जोरावर जाते फिरे आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात उतरणाऱ्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी पीठ दळले जाई. हौदाच्या तळाखाली एक प्रशस्त दालन आहे. वर पाणी, खाली माणसे! भर वैशाखात तेथे जाऊन बसावे. डोक्याचा ताप आपोआप उतरतो. ना इंधन, ना यंत्राची घरघर. जमिनीला उतार आहे आणि पाण्याला खाली धावण्याची सवय आहे, एवढ्या दोन गोष्टींवर हा सारा संसार उभा राहिला.

पाणचक्की नंतरची, गावाला ही विद्या शिकवली ती मलिक अंबराने. हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात, जन्मलेले हे पोर गुलाम म्हणून विकले गेले, हात बदलत बदलत अहमदनगरच्या निजामशाहीत आले आणि पुढे त्याच राज्याचा आधारस्तंभ झाले. मोगलांना त्याने गनिमी काव्याने जेरीस आणले हे आपण शाळेत वाचतो. पण 1610 साली त्याने खडकी या खेड्याच्या जागी राजधानी वसवली, तेव्हा त्याच्यापुढचा शत्रू निराळाच होता. गावाच्या नावातच खडक! जवळची खाम नदी पावसाळ्यापुरती उदार. अंबराने डोंगरात झिरपणारे पाणी भुयारात गोळा केले, त्याला बेताचा उतार दिला, खापरी नळ पुरले, आणि कोंडलेली हवा बाहेर पडावी, दाब आटोक्यात राहावा म्हणून वाटेत उंच मनोरे उभारले. हीच ती नहर-ए-अंबरी. मोहल्ल्यामोहल्ल्यांतल्या हौदांत तिचे पाणी खेळू लागले.

1626 साली अंबर वारला. मुलाने, फतेहखानाने, गावाला फतेहनगर म्हटले. 1653 मध्ये औरंगजेबाने औरंगाबाद केले. 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. नावे बदलली, राज्ये बदलली. नहरीने मात्र ती कधी विचारली नाहीत. तिने शतकानुशतके माणसांच्या घागरी भरल्या.

आता 2011 च्या जनगणनेतच पावणेबारा लाखांवर गेलेले शहर त्या नहरीवर जगेल, असे म्हणण्याइतका मी स्वप्नाळू नाही. आमचे पाणी पैठणच्या नाथसागरातून येते. जायकवाडीचे हे धरण 1976 पासून मराठवाड्याची तहान भागवत आले आहे. पण अंबराचे पाणी डोंगरावरून गावात उतरत होते. आमचे पाणी धरणातून गावाकडे चढते. पंपांनी ढकलावे तेव्हा येते. गेल्या काही वर्षांत कित्येक वस्त्यांतून नळाची गाठ आठवड्यातून एकदाच पडे. त्यामुळे आमच्या पंचांगात एकादशी, चतुर्थी यांच्या जोडीला 'पाण्याचा दिवस' आला. त्या दिवशी लग्नाला जाता येत नाही, आजारी पडता येत नाही.

आमच्या महाविद्यालयात बीडकडच्या एका खेड्यातली मुलगी शिकते. तीन मैत्रिणींसह खोली घेऊन राहते. संत एकनाथांवरच्या तासाला ती नेमकी गैरहजर. दुसऱ्या दिवशी विचारले, तर म्हणाली, "सर, काल पाण्याचा दिवस होता. माझी पाळी होती." आदल्या दिवशी मी वर्गात काय सांगितले होते? रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड नाथांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजल्याची गोष्ट! त्याच नाथांच्या नावाच्या सागराचे पाणी भरण्यासाठी एक हुशार मुलगी नाथांच्याच तासाला मुकली. आरोग्य आरोग्य म्हणून आपण सकाळचे फिरणे आणि च्यवनप्राश यांच्या गोष्टी करतो. पण घरातली मुलगी पाठ मोडेपर्यंत ड्रम भरत असेल, तर त्या घराचे आरोग्य कसले?

पुढच्याच आठवड्यात मी सारा वर्ग पाणचक्कीवर नेला. नळ, मनोरे, हौद असे सगळे साग्रसंगीत सांगितले. मुले भिंतीपाशी फोटो काढण्यात गुंतली. ती मुलगी हौदाच्या काठी उभी होती.

"सर, नहरीचं पाणी दिवसातून किती वेळ यायचं?"

"वेळ कसली? झरे वाहत तोवर हौदात येतच राहायचं."

तिने क्षणभर विचार केला. "म्हणजे भरून ठेवावं लागत नव्हतं," ती म्हणाली, आणि वाकून तिने हात पाण्यात बुडवला.