मंत्रांची भाषा कोणाची?

गेल्या चार-पाच वर्षांत आम्ही इंग्रजीतल्या अद्भुतरम्य कादंबऱ्या जरा जास्तच वाचल्या. महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या, चाळिशी उलटलेल्या माणसांनी हा उद्योग कशासाठी करावा, असे सहकारी विचारतात. कारण साधे आहे. वर्गातली जी मुले स्वतःहून वाचतात, त्यांतली बरीच हेच वाचतात. त्यांच्याशी वाङ्मयाविषयी बोलायचे तर त्यांचे वाचन आपल्याला ठाऊक असायला हवे. पण वाचता वाचता एक प्रश्न मनात रुतून बसला आणि तो नेमका आमच्याच विषयाचा निघाला. या कादंबऱ्यांत मंत्र कोणत्या भाषेत म्हटले जातात?

प्रश्न दिसतो तितका पोरकट नाही. अर्सुला ले ग्विन यांची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' १९६८ साली आली. तिच्यातल्या जगात प्रत्येक वस्तूला एक खरे नाव असते आणि ते ज्याला कळले त्याची त्या वस्तूवर सत्ता चालते. ही नावे ज्या आदिभाषेतली, ती ड्रॅगनांची भाषा. माणसाला ती वर्षानुवर्षे घोकून कमवावी लागते आणि वापरताना जगाचा तोल ढळणार नाही याची काळजी वाहावी लागते. भाषा म्हणजे जबाबदारी, ही जाणीव तिथे प्रत्येक पानावर आहे. पुढे रोलिंगबाईंच्या सात पुस्तकांत (१९९७ ते २००७) मंत्रांना लॅटिनचा मुलामा मिळाला. उच्चार अचूक हवा, अर्थ कळण्याची अट नाही. आज कोणाचीच मातृभाषा नसलेल्या भाषेत मंत्र असले की कोणी दुखावत नाही, आणि कोणाला स्वतःचे काही द्यावेही लागत नाही.

अलीकडच्या लेखिकांनी ही सोय नाकारली आहे. नेओमी नोविक यांच्या 'स्कोलोमान्स' कादंबरीत्रयीत (२०२० ते २०२२) जितक्या भाषा येतील तितके अधिक मंत्र हाती लागतात आणि विद्यार्थी त्यांची अदलाबदल करतात. शिक्षक नसलेली, राक्षसांनी भरलेली शाळा. सुरक्षित वसाहतींतून आलेल्या मुलांना सगळे संरक्षण, बाकीची मुले त्यांची ढाल. प्रवेशपरीक्षा आणि शिकवण्यांच्या चरकातून गेलेल्या आमच्या विद्यार्थ्यांना ही शाळा ओळखीची का वाटते, हे सांगायला नको. नायिका एलचे वडील मुंबईकडच्या घराण्यातले आणि तिला येणाऱ्या अनेक भाषांत मराठीही आहे. हे वाचून आम्हाला आनंद झाला हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र तो फार टिकला नाही. एलच्या रागात, भीतीत, आठवणीत मराठीची लय आम्हाला कोठे जाणवली नाही. मराठी तिथे हत्यारांच्या पेटीतले एक हत्यार आहे; ती कोणाच्या तरी घरात बोलली जाते, याचा मागमूस लागत नाही.

आर. एफ. क्वांग यांची 'बॅबेल' (२०२२) या बाबतीत फार पुढे जाते. ही किशोरांसाठी लिहिलेली कादंबरी नव्हे, पण आमची मुले ती वाचतात. १८३० च्या दशकातले ऑक्सफर्ड, तिथली अनुवादकांची संस्था, आणि चांदीच्या पट्ट्यांवर कोरलेल्या दोन भाषांतल्या शब्दांच्या जोड्या. एका शब्दाचा दुसऱ्यात जाताना जो अर्थ निसटतो, तीच इथली जादू. ती करायला दोन्ही भाषांत विचार करणारा माणूस लागतो, म्हणून साम्राज्याला कँटनचा रॉबिन हवा असतो, कलकत्त्याचा रामी हवा असतो. परकी मुले आणायची, त्यांची भाषा वापरायची आणि तिच्यातून निर्माण झालेली सत्ता त्यांच्याच देशांवर चालवायची. वसाहतवादाविषयी वर्गात जे सांगायला आम्हाला तीन तास लागतात, ते ही कल्पना एका पट्टीत सांगते. दोषही आहेत. लेखिकेचा वाचकावर पुरेसा विश्वास नाही. जे प्रसंगातून कळते ते तळटिपेत पुन्हा समजावले जाते.

आमचा खरा मतभेद मात्र वेगळा आहे. क्वांग यांच्या जगात अनुवादाची शक्ती हानीतून जन्मते. आपल्या वाङ्मयाचा इतिहास दुसरेही काही सांगतो. पवित्र शब्दाची सत्ता संस्कृतात होती त्या काळी महानुभावांनी धर्मव्यवहारासाठी मराठीचा आग्रह धरला. आणि १२९० च्या सुमारास ज्ञानेश्वरीत गीतेच्या सातशे श्लोकांच्या नऊ हजारांवर ओव्या झाल्या. हे निसटणे नव्हे, ही भर आहे. भाषा बदलताना अर्थ वाढूही शकतो, हे ज्या भाषेने आपल्या पहिल्या काही ग्रंथांतच सिद्ध केले, तिच्या वाचकाला 'बॅबेल' अपुरी वाटली तर नवल नाही.

तरीही हा अभिमान मिरवताना जीभ अडखळते. आमची एक विद्यार्थिनी कादंबरी लिहिते आहे. सह्याद्रीचा घाट, घाटातली देवराई, झाडांत अडकलेले आत्मे. निवेदन इंग्रजीत, मंत्र संस्कृतात. मराठीत का नाही, असे विचारल्यावर ती म्हणाली की मराठीत जादू खोटी वाटते. तिला दोष कसा द्यावा? आमच्या लहानपणी नाथमाधवांचा 'वीरधवल' घरातल्या कपाटात होता, भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणून ठेवला होता, थोडे मोठे झाल्यावर नारायण धारप भेटले. अशक्य गोष्टी मराठीत घडतात, हे आम्ही वाचून जाणत होतो. तिच्या हाती आपण पॉटरचा अनुवाद ठेवला आणि थांबलो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आहेच. पण पंधरा वर्षांच्या वाचकाला पुढचे कोणते नवे पुस्तक द्यावे, या प्रश्नाचे उत्तर त्या दर्जात नाही.

म्हणून परक्या कादंबरीतल्या भाषांच्या यादीत मराठीचे नाव आले, एवढ्यावर आम्ही समाधान मानणार नाही. जिची नायिका मराठीत घाबरते, मराठीत खोटे बोलते आणि मराठीतच मंत्र म्हणते, अशी कादंबरी आम्हाला वाचायची आहे.

तूर्त एक छोटा प्रयोग सुरू केला आहे. वर्गात 'बॅबेल'ची युक्ती उसनी घेऊन प्रत्येकाला एक मराठी शब्द निवडायला सांगतो. शेजारी त्याचा जवळचा इंग्रजी शब्द लिहायचा, आणि मधल्या फटीतून काय निसटते व काय नव्याने उगवते त्यावर एक पान मराठीत लिहायचे. बहुतेकांनी 'माहेर' घेतले. त्या मुलीने 'ओटी' घेतला. तिचे पान अजून आलेले नाही; आम्ही वाट पाहत आहोत.