घाटाखालचा ‘ळ’

इंदूरहून दक्षिणेकडे जाणारा आग्रा-मुंबई रस्ता हा आमच्या घराण्यांच्या इतिहासाचाच एक भाग आहे, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही. माळव्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी अनेकांचे पूर्वज याच दिशेने घाट चढून वर आले. कोणी शिलेदार म्हणून, कोणी फडावरचा कारकून म्हणून, कोणी देवळातील पूजेअर्चेसाठी. निमित्त काहीही असो, आले ते पोटासाठी. आज त्याच वाटेने आमची मुले खाली उतरत आहेत, आणि तीही पोटासाठीच.

गेल्या मार्गशीर्षात माझा भाचा पुण्यास मुलाखतीसाठी निघाला. मलाही तिकडे एका लग्नास जावयाचे होते, तेव्हा आम्ही दोघे बरोबरच निघालो. इंदूरहून पुण्याची रेल्वे रतलाम, बडोदे, सुरत, वसई असा पश्चिमेचा मोठा वळसा घेऊन जाते. रात्रीच्या बसने गेलो तर प्रदेश झोपेतच निघून जातो. म्हणून दिवसाच्या बसने धुळे गाठावे, तेथे नातेवाइकांकडे मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी पुढे निघावे, असा बेत मी ठरविला. भाच्यास तो फारसा रुचला नाही. “मामा, रात्रीच्या स्लीपरने निघालो तर सकाळी पुण्यात असतो,” असे त्याने एकवार सुचवून पाहिले आणि मग तो मुकाट्याने खिडकीपाशी बसला.

महू आले तेव्हा मी त्यास सांगितले की, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म येथला, १४ एप्रिल १८९१ चा; वडील रामजी सुभेदार येथील लष्करी शाळेत होते. मूळ गाव कोकणातील आंबडवे, आणि नोकरी माळव्यातील छावणीत! भाचा म्हणाला, “म्हणजे त्यांचीही बदलीच की.” एका शिक्षकाचा मुलगा म्हणून बाबासाहेबांकडे पाहण्याची ही दृष्टी मला आवडली.

मानपूरचा घाट उतरला की माळव्याची काळी, थंड जमीन संपते आणि निमाडची ऊब अंगास लागते. स्वेटर उतरवून मांडीवर घ्यावा लागतो. खलघाटास नर्मदा ओलांडताना बसमधील निम्म्या लोकांचे हात आपोआप जोडले गेले. १८ जुलै २०२२ रोजी इंदूरहून अमळनेरला निघालेली एस. टी. येथेच पुलावरून नदीत कोसळली होती. त्या दिवसापासून माझी बहीण मुलास या वाटेने एकटे धाडताना दहा सूचना देते.

नर्मदेपलीकडे आम्ही डबा उघडला. डब्यात पोहे होते. आणि पोह्यांवरून भाच्याची वाणी जी सुरू झाली ती थांबेना. हे मूल चोवीस वर्षांचे. नोकरीविषयी विचारले तर दोन शब्दांत उत्तर देते, परंतु खाण्याविषयी त्याची मते पक्की असून ती सप्रमाण असतात. इंदुरी पोहे वाफेवर ठेवलेले असतात, त्यांवर जिरावण मसाला आणि शेव हवी, शेजारी जिलेबी हवी. आजीचे फोडणीचे, ओल्या खोबऱ्याचे पोहे हा निराळा पदार्थ आहे, आणि दोन्हींस एकच नाव असल्यामुळे सगळा घोटाळा होतो, असे त्याचे म्हणणे. सराफ्यात दिवसा सोन्याचांदीचा व्यवहार चालतो आणि दुकाने बंद झाल्यावर त्यांच्याच पायऱ्यांसमोर मध्यरात्रीपर्यंत खाद्यपदार्थांचा बाजार भरतो. तेथल्या ‘भुट्टे का कीस’ या पदार्थातील कणीस हिंदीचे असले तरी ‘कीस’ आपला मराठीच, हे मी त्याला पूर्वी एकदा सांगितले होते. तेवढे व्याकरण त्याच्या लक्षात राहिले आहे! हिवाळ्यात तळलेला गराडू पुण्यात मिळेल का, ही चिंता त्यास मुलाखतीहून अधिक असावी, असा माझा समज झाला होता.

तो समज फार वेळ टिकला नाही. जुलवान्याच्या पुढे त्याने आपणहून विषय काढला. पदवी घेऊन अडीच वर्षे झाली होती. त्यांपैकी दीड वर्ष भंवरकुव्याच्या शिकवण्यांत गेले. त्या भागात साऱ्या प्रदेशातून आलेली मुले लहान लहान खोल्यांत राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. परीक्षा होते, निकाल न्यायालयात अडकतो, वय मात्र अडकत नाही. त्याने तो नाद सोडून संगणकाचा अभ्यासक्रम केला. सुपर कॉरिडॉरवर मोठ्या कंपन्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत, तेथेही अर्ज केले. एका ठिकाणी जागा मिळण्याचा संभव होता. पगार पुण्याच्या मानाने बराच कमी. “आजी एकटी पडेल,” तो म्हणाला, “आणि आई म्हणते, जा. आजीही म्हणते, जा. कोणी राहा म्हणत नाही, मामा, म्हणून जास्त कठीण जाते.” यावर मी काही बोललो नाही. निवृत्तीस आलेल्या सरकारी मुख्याध्यापकाने, ज्याचे सारे आयुष्य एका जिल्ह्यात गेले, काय सांगावे?

मी त्याला मल्हाररावांची गोष्ट सांगितली. जन्म १६९३ चा, नीरेकाठच्या होळ गावचा. वडील लहानपणीच गेले, आई मुलास घेऊन खानदेशात तळोद्यास भावाकडे आली. मामाच्या आश्रयाने वाढलेला हा पोरगा घोड्यावर बसून नशीब काढण्यास बाहेर पडला आणि पुढे माळव्याचा सुभेदार झाला. इंदूर ही राजधानी झाली ती मात्र १८१८ साली, मंदसोरच्या तहानंतर. अहिल्याबाईंचा कारभार महेश्वराहूनच चाले. भाचा हसून म्हणाला, “त्यांचा मामा बरोबर इंटरव्ह्यूला गेला होता का?”

सेंधव्यास कपाशीने भरलेल्या गाड्या रस्त्याच्या कडेस उभ्या होत्या. तेथून बिजासनचा घाट सुरू होतो. देवीच्या मंदिरापाशी बस थांबली, चालकाने नारळ वाढविला आणि आम्ही उतारास लागलो. सेंधव्यापर्यंतच्या पाट्यांवर ‘धुले’ असते. घाट उतरून महाराष्ट्राचे पहिले गाव येते ते ‘पळासनेर’, आणि त्यापुढे सर्वत्र ‘धुळे’. भाचा पाट्या मोठ्याने वाचू लागला. शाळा हिंदी व इंग्रजी, परंतु लिपी एकच असल्याने आमच्या मुलांना मराठी वाचता येते. अडखळतात ती ‘ळ’पाशी. त्याच्या स्वतःच्या आडनावात हा वर्ण आहे, आणि पहिलीपासूनच्या प्रत्येक गुणपत्रिकेत त्या जागी ‘ल’ छापलेला आहे. इंदुरात होळकरांचेसुद्धा ‘होलकर’ झाले, तेथे आमची काय कथा! आता प्रत्येक पाटीवर तो वर्ण भेटू लागला तसा तो जरा सावरून बसला. तापी ओलांडेपर्यंत त्याचा उच्चार चांगलाच सुधारला होता. वर्गात वर्षभर घासूनही असे होत नाही.

पुण्यात मुलाखत तासभर चालली. विषयाचे प्रश्न त्याने सोडविले. शेवटी एका वयस्क गृहस्थांनी मराठीत विचारले, “आपण मूळचे कुठले?” हा म्हणाला, “इंदूरचा.” “ते झाले हो; पण मूळचे?” याने क्षणभर विचार करून विचारले, “मूळचे म्हणजे किती पिढ्या मागे जाऊ?” गृहस्थ हसले. मला मात्र हसू आले नाही. आमचे मूळ गाव सातारा जिल्ह्यात आहे असे कुलवृत्तान्तात लिहिलेले आहे. सहा पिढ्यांत तेथे कोणी गेलेले नाही. महाराष्ट्रात गेलेल्या आमच्या मुलांविषयी लोक ‘परत आला’ असे म्हणतात. जो कधी गेलाच नव्हता तो परत कसा येईल? माझ्या मते तो इंदूरहून परगावी गेलेला मुलगा आहे, आणि परगावच्या मुलास जी आस्था दाखवावयाची तीच त्यास दाखवावी. बाहेर पडल्यावर त्याने घरी फोन केला आणि “आजी, मी उद्या येऊन राहिलो आहे,” असे म्हणाला, तेव्हा रस्त्याने जाणाऱ्या दोन मुली वळून हसल्या. ही वाक्यरचना अशुद्ध आहे असे मराठीचा शिक्षक म्हणून मी म्हणावयास हवे. परंतु आमच्याकडील कितीतरी घरांत तीच बोलली जाते, आणि तीत मराठी टिकली आहे. १९१७, १९३५ आणि २००१ या तीन वर्षी अखिल भारतीय साहित्य संमेलने इंदुरात भरली, ती अशा बोलणाऱ्यांच्याच गावात.

नेमणुकीचे पत्र पौषात आले, आणि सुपर कॉरिडॉरवरील जागेचेही त्याच आठवड्यात. चार दिवस घरात कोणी मोकळेपणाने जेवले नाही. अखेर आजीनेच त्याच्या पेटीत जिरावणाचा डबा भरून ठेवला, तेव्हा प्रश्न सुटला. इंदूर-मनमाड रेल्वेमार्गास केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. ३०९ किलोमीटरचा हा मार्ग २०२८-२९ पर्यंत पूर्ण व्हावयाचा आहे. झाला तर पश्चिमेचा वळसा टळेल. आजीचे वय आज एक्याऐंशी. भाच्याने ते वर्ष भिंतीवरील दिनदर्शिकेच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवले आहे, आणि तोवर दर दोन महिन्यांनी बसने येण्याचे कबूल केले आहे. गेल्या खेपेस तो दिवसाच्या बसने आला.