जिथलं लाकूड, तिथला जाळ

सरपण हा शब्द आता शहरातल्या मुलींना समजावून सांगावा लागतो. आमच्या रत्नागिरीकडे मात्र वैशाख लागला की घरोघर एकच घाई असे, पावसाळ्याच्या बेगमीची. तोडलेल्या फांद्या, वाळकी चुडते, नारळाची सोडणे, करवंट्या, सारे खोपीत रचून ठेवायचे. पुढचे चार महिने चूल त्याच्यावर चाले. विकतचे लाकूड ही कल्पनाच घरात नव्हती. जे आपल्या परसात वाळले तेच आपल्या चुलीत गेले.

अशा घरात वाढलेल्या बाईला लाकूडफाट्यातलं नवीन काही कळावं ते थेट अमेरिका आणि कॅनडाच्या सरहद्दीवर, ही गंमतच म्हणायची! पण ती सांगण्याजोगी आहे, म्हणून हा लिहिण्याचा खटाटोप.

२००९ सालच्या उन्हाळ्यात मी लेकीकडे गेले होते. मिशिगन राज्यात, डेट्रॉईटच्या उत्तरेला तिचे घर. नातू सात वर्षांचा. ऑगस्टमध्ये मोटारीने कॅनडात जायचे आणि ह्यूरॉन सरोवराच्या काठी पायनरी नावाच्या उद्यानात चार दिवस तंबू ठोकून राहायचे, असा बेत ठरला. माझा व्हिसा जावयांनी आधीच काढून ठेवला होता. पोहे, मेतकूट, चहा-साखर अशी माझी बांधाबांध सुरू झाली.

निघायच्या आदल्या दिवशी शेजारचे आजोबा कुंपणाशी आले. त्यांच्या दारातले मोठे झाड नुकतेच तोडले होते. ओंडके फोडून, छान रचून ठेवलेले. म्हणाले, "शेकोटीला न्या हवी तेवढी. फुकट आहेत!" जावयांचे डोळे चमकले. पण लेक म्हणाली, "नाही हं. हे लाकूड इथून हलवायचं नाही. पुलापर्यंतसुद्धा नाही."

मी एक ओंडका उचलून पाहिला. साल हाताशी सुटून आली, आणि आत पाहते तो काय, लाकडावर नागमोडी रेघाच रेघा! जणू कुणी दाभणाने कोरल्यात. सालीला बारीक भोके, एक बाजू सपाट आणि एक गोल, इंग्रजी 'डी' अक्षरासारखी.

ते झाड ॲशचे. बेसबॉलची बॅट वर्षानुवर्षे याच लाकडाची होत असे, जशी आपल्या क्रिकेटची बॅट विलोची. त्याला लागलेला भुंगा दिसायला मोठा देखणा, हिरवाकंच, चकचकीत, जेमतेम अर्ध्या इंचाचा. मूळचा पूर्व आशियातला. सामानाच्या लाकडी खोक्यांतून आला असावा असे शास्त्रज्ञ मानतात. २००२ साली तो डेट्रॉईटजवळ सापडला आणि त्याच वर्षी नदीपलीकडे कॅनडातल्या विंडसरलाही. मोठा भुंगा पाने खातो, त्याचे काही एवढे नाही. नुकसान करते ती त्याची अळी. ती सालीखालचा थर पोखरते, झाडाचे अन्नपाणीच तोडते आणि उभे झाड काही वर्षांत वाळून जाते. असे कोट्यवधी वृक्ष गेले. लेकीच्या गल्लीत तर एकही ॲश उरला नव्हता. नुसते बुंधे.

लेक म्हणाली, "आई, तो भुंगा आपल्या पंखांनी फार लांब जात नाही गं. त्याला लांब नेतात माणसं. शेकोटीच्या लाकडातून!"

मला तिने पुढे काही समजवावे लागले नाही. आमच्या बागेत माडाला सोंड्या भुंगा लागला होता, ते दिवस आठवले. वडिलांनी माड तोडला आणि जागच्या जागी जाळला. खोड वाशाला मागायला दोघेजण आले होते, त्यांना दिले नाही. "माझं दुखणं दुसऱ्याच्या बागेत कशाला?" एवढेच म्हणाले. तेव्हा शेजारी त्यांना चिक्कू म्हणत.

दुसऱ्या दिवशी पोर्ट ह्यूरॉनहून पूल ओलांडला. सेंट क्लेअर नदीवर शेजारी शेजारी दोन पूल आहेत, एक १९३८ सालचा आणि दुसरा १९९७ सालचा. खाली निळेशार पाणी, अलीकडे अमेरिका, पलीकडे कॅनडाचे सार्निया गाव. चौकीवरच्या मुलीने खाण्यापिण्याचे विचारले आणि मग, "गाडीत जळाऊ लाकूड आहे का?" लेकीने "नाही" म्हटले, तशी ती मुलगी हसली. मला मात्र नवल वाटले. ज्या लाकडाच्या मोळ्या आमच्याकडे बाया निमूटपणे डोक्यावरून वाहून नेतात, त्याची इथे दारूच्या बाटल्यांसारखी चौकशी!

आता लाकूड शोधायचे. त्याला फार फिरावे लागले नाही. सार्निया सोडले की मक्याची शेते लागतात, आणि उद्यानाच्या अलीकडे एका शेतघरासमोर लाकडाच्या जुड्या मांडलेल्या, शेजारी पत्र्याचा डबा, त्यावर किंमत. माणूस कुणी नाही. पैसे डब्यात टाकायचे आणि जुडी उचलायची. जावई वरचीच जुडी घेऊ लागले. मी म्हटले, "थांबा हो, मला बघू द्या." दोन लाकडे एकमेकांवर आपटली. वाळलेले टणटण वाजते, ओले बद्द. टोकांना चिरा पडलेल्या हव्यात, हाताला हलके लागायला हवे. तीन जुड्या बाजूला सारून चौथी पसंत केली. जावई म्हणाले, "आई, तुम्ही तर भाजीवालीकडे घेता तसं घेतलंत!"

उद्यानात आणखी एक नियम कळला. नातू धावत जाऊन ओकच्या काटक्यांची ओंजळ घेऊन आला, ती लेकीने परत ठेवायला लावली. पडलेले लाकूडही उचलायचे नाही. ते कुजून तिथल्या वाळवंटी जमिनीला खत होते, किड्यामुंग्यांना घर होते. मग विकतच्या लाकडाच्याच बारीक ढलप्या काढल्या, त्या उभ्या रचल्या, मधे वाऱ्याला वाट ठेवली. फुंकणी नव्हती, तेव्हा पुठ्ठ्याची सुरळी केली. एका काडीत जाळ धरला. कणसे भाजली, निखाऱ्यात वांगे पुरले. कॅनडात भरीत!

वारा फिरला आणि धूर नातवाच्या तोंडावर आला. डोळे चोळत त्याने विचारले, "आजी, तुझ्या आईला रोज असं व्हायचं?"

"रोज. दोन वेळा."

"मग ती उठून का जायची नाही?"

याला काय उत्तर द्यायचे? आमच्यासाठी ती चार दिवसांची हौस होती. धूर आला की खुर्ची सरकवायची. आईला खुर्चीही नव्हती आणि सरकायला जागाही. घरात गॅस आला तेव्हा तिचे डोळे पार अधू झाले होते. तरी आलेल्या-गेलेल्याला ती शेगडी पेटवून दाखवी, काडी ओढली की हसे. मी नातवाला एवढेच सांगितले, "तिला सगळ्यांना जेवायला घालायचं असायचं ना, म्हणून." तो गप्प झाला, आणि माझी खुर्ची धुराच्या बाहेर ओढून दिली.

पुढे वाचनात आले, त्या सरोवरांच्या मुलखातले आदिवासी काळ्या ॲशच्या टोपल्या विणतात. ओंडका ठोकून ठोकून त्याची वर्षावर्षाची वलये सोडवायची आणि त्या पट्ट्यांचे विणकाम. आपल्या बुरूड बायकांच्या हातच्या सुपा-रोवळ्यांची आठवण झाली. झाडेच गेली तर ती कला शिकवायची कशावर? म्हणून कितीतरी जण आता ॲशचे बी गोळा करून जपून ठेवत आहेत.

तुमच्यापैकी कितीतरी जणी लेकीसुनांकडे तिकडे जातात. शेकोटीचा बेत असेल तर एवढे ध्यानात असू द्या. लाकूड घरून नेऊ नका, जिथे जाळायचे तिथेच घ्या. फार तर उष्णता देऊन कीड मारलेले, तसा शिक्का असलेले दुकानातले घ्या. नियम बदलत असतात, तेव्हा निघण्याआधी विचारून घ्या. आणि उरलेले परत आणू नका. आमची पाच लाकडे उरली, ती शेजारच्या तंबूत नेऊन दिली. त्या बाईने बदल्यात जॅमची बाटली दिली. आमच्याकडे सकाळी शेजारणीकडे विस्तव मागायला जायची रीत होती, ती कधीच मोडली. तिथे नकळत पुन्हा पाळली गेली.