बचावपटूचा निकाल उशिरा लागतो

जूनअखेरीस महाराष्ट्रात कॉलेज प्रवेशाची धांदल चालू असते, त्याच सुमारास इथे कॅनडातही एक निकाल लागतो. एनएचएल ही उत्तर अमेरिकेतली सर्वांत मोठी आइस हॉकी लीग. तिचे बत्तीस संघ सात फेऱ्यांमध्ये सतरा-अठरा वर्षांची मुलं निवडतात. या निवडीला ड्राफ्ट म्हणतात. टोरांटोत ऑफिसात, बसमध्ये, कॉफीच्या रांगेत मग एकच विषय असतो : कुणाला कुणी घेतलं, आणि यातला उद्याचा तारा कोण?

या चर्चेत माझा जीव गुंततो तो बचावपटूंमध्ये. कारण त्यांच्या बाबतीत भल्याभल्यांचे अंदाज कोसळतात. लीगमधल्या सर्वोत्तम बचावपटूला १९५४पासून नॉरिस ट्रॉफी दिली जाते. हॉकीवर लिहिणारे पत्रकार मतदान करून विजेता ठरवतात. विजेत्यांची यादी त्यांच्या ड्राफ्टमधल्या क्रमांकाशेजारी ठेवून पाहा. सात वेळा ट्रॉफी जिंकणारा निक्लस लिडस्ट्रॉम १९८९मध्ये त्रेपन्नावा निवडला गेला होता. डंकन कीथ चौपन्नावा, झ्डेनो चारा छप्पन्नावा, अ‍ॅडम फॉक्स सहासष्टावा. टोरांटोचाच मार्क जिओर्डानो तर कुणालाच नको होता. ड्राफ्टमध्ये नाव नाही, मध्ये एक हंगाम रशियात, आणि २०१९मध्ये वयाच्या पस्तिसाव्या वर्षी नॉरिस! उलट रोमन हमर्लिक, एड जोव्हानोव्हस्की, ब्रायन बेरार्ड, ख्रिस फिलिप्स, एरिक जॉन्सन हे सगळे आपापल्या वर्षी पहिल्या क्रमांकावर निवडले गेलेले बचावपटू. सगळेच चांगले खेळले, पण ही ट्रॉफी एकाच्याही हाती लागली नाही.

असं का होतं, हे ब्रॅम्प्टनच्या रिंकवर ओंटारियो हॉकी लीगचा सामना पाहताना कळतं. खेळणारी मुलं सोळा ते वीस वर्षांची. वरच्या रांगेत जाड जॅकेटं घातलेले, संघांसाठी मुलं हेरणारे स्काउट टिपणं काढत बसलेले. आघाडीच्या मुलाचं मोजमाप सोपं : गोल, वेग, फटका. बचावपटूला जोखायचं तर पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, त्याच्या काठीला लागण्याआधीचे दोन सेकंद पाहावे लागतात. पक मागच्या कोपऱ्यात फळ्यांपाशी गेलेला असतो. मुलगा तो घ्यायला सुसाट निघतो आणि त्याच्या पाठीवर प्रतिस्पर्धी चालून येत असतो. चांगला बचावपटू पकपाशी पोचेपर्यंत दोनदा खांद्यावरून मागे नजर टाकतो. एकदा कोण येतंय ते पाहायला, एकदा आपला कोण मोकळा आहे ते पाहायला. तो पोचतो तेव्हा त्याचं सगळं ठरलेलं असतं. काठी टेकते, पक निघून जातो, आणि धडक द्यायला आलेल्याच्या हाती काही लागत नाही. यावर कुणी टाळ्या वाजवत नाही. आकडेवारीच्या तक्त्यातही याचा रकाना नसतो.

ही नजर काही अंशी उपजत असेल, पण पक्की होते ती चुका करूनच. आणि अडचण नेमकी तिथेच आहे. आघाडीवाल्याची चूक सावरायला मागे माणसं असतात. बचावपटू चुकला की मागे उरतो फक्त गोली.

शिवाय अंदाज बांधणाऱ्यांचं मापही बदलत राहतं. पूर्वी धिप्पाड मुलगा दिसला की त्याच्या नावापुढे खूण पडे. सहा फूट नऊ इंचांच्या चाराने २००९मध्ये नॉरिस जिंकली, पण तोवर वारं फिरलं होतं. २००५मध्ये लीगने अडवाअडवीवर कडक बंधनं आणली, लांब पासला मोकळीक दिली, आणि चपळ मुलांचे दिवस आले. केल मकार आणि क्विन ह्यूज हे दोघेही विजेते सहा फुटांच्या आतले.

मला सर्वांत बोलकी वाटते ती दुसरीच गोष्ट. निवड झाल्यावर मकार दोन वर्षं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात खेळला. ह्यूज मिशिगन विद्यापीठात आणखी एक वर्ष थांबला. फॉक्स हार्वर्डमध्ये तीन वर्षं होता, लिडस्ट्रॉम दोन वर्षं स्वीडनमध्येच राहिला. ड्रू डाउटी आणि व्हिक्टर हेडमन अठराव्या वर्षीच एनएचएलमध्ये उतरले हे खरं, पण त्यांनाही नॉरिस मिळायला आठ-नऊ वर्षं लागली.

वेळ देणं या शहराला मात्र जड जातं. टोरांटो मेपल लीफ्सने १९६७नंतर एनएचएलचा स्टॅनली कप जिंकलेला नाही, आणि त्यांच्या एकाही बचावपटूला आजवर नॉरिस मिळालेली नाही. बोर्जे सालमिंग दोनदा दुसरा आला. ज्याच्या नावाची कॉफी अख्खा देश पितो तो टिम हॉर्टन लीफ्सचाच बचावपटू. त्यालाही ती मिळाली नाही. लीफ्सच्याच बचावपटू लॅरी मर्फीची इथल्या प्रेक्षकांनी इतकी हुर्यो उडवली की १९९७मध्ये त्याला डेट्रॉइटला पाठवावं लागलं. तिथे त्याने लागोपाठ दोन कप जिंकले.

हा उतावीळपणा आपल्या मराठी घरांतही शिरताना मी पाहते. आता आपली मुलंही रिंकवर दिसू लागली आहेत. भल्या पहाटे, उणे पंधरात, आई-बाबा अवजड बॅगा उचलून सरावाला नेतात. त्या कष्टांना तोड नाही. पण प्रशिक्षकाने मुलाला बचावात उभं केलं की चेहरे उतरतात, आणि सामन्यानंतर गाडीत पहिला प्रश्न येतो : "गोल किती केलेस?" त्या दिवशी त्या पोराने चार गोल वाचवलेले असतात, पण ते कुणी विचारत नाही.

हॉर्टनने आपलं पहिलं कॉफीचं दुकान १९६४मध्ये हॅमिल्टनला काढलं. त्याच हॅमिल्टनचा मॅथ्यू शेफर २०२५च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला. त्या हंगामात गळ्याचं हाड मोडल्यामुळे तो ओंटारियो हॉकी लीगचे जेमतेम सतरा सामने खेळला होता, तरी न्यूयॉर्क आयलँडर्सनी त्याच्यावर भरवसा टाकला आणि अठराव्या वर्षीच त्याला बर्फावर उतरवलं. या मुलाने नॉरिस जिंकावी असं मला मनापासून वाटतं. पण तो ती जिंकेल का, हे त्याच्या पहिल्या हंगामातल्या आकड्यांवरून मी ठरवणार नाही. मी पाहीन ती एकच गोष्ट : त्याच्या चुकीमुळे गोल बसला, तर प्रशिक्षक त्याला लगेच पुन्हा मैदानात पाठवतात की बाकावर बसवून ठेवतात. चुकल्यावरही ज्यांना पुन्हा पाठवलं जातं, त्या मुलांतूनच उद्याचे नॉरिस विजेते येतील, असं मी ठामपणे सांगते. आपल्या मुलांच्या बाबतीत मात्र हा निर्णय प्रशिक्षकाआधी आपल्याच हातात असतो, घरी परतताना गाडीत.