गाडी येतेय... गणपतीत!

पुण्यातल्या कुठल्याही ऑफिसात ‘वीकेण्डला कुठे?’ असं विचारा. लोणावळा, मुळशी, पानशेत, फार तर काशिद. ‘कामथडी’ असं उत्तर देणारी बहुधा मी एकटीच. आणि तेही गेले वीस महिने, जवळजवळ दर दुसऱ्या रविवारी!

कामथडीत माझं रिसॉर्ट नाही, फार्महाऊस नाही, सासर तर नाहीच नाही. तिथे आमची गाडी आहे. १९७८ चं मॉडेल, प्रीमियर पद्मिनी. हायवेपासून जरा आत, शेताला लागून एक पत्र्याची शेड आहे. तिथे ती विटांवर उभी आहे, चारही चाकं काढून. मिस्त्री म्हणाले होते, ‘ताई, तीन महिने. गणपतीत गाडी तुमच्या दारात.’ कुठल्या वर्षीचे गणपती, हे तेवढं बोलायचं राहिलं.

थडी म्हणजे काठ

स्वारगेटहून साताऱ्याच्या दिशेने निघालात की साधारण पस्तीस किलोमीटर. कात्रजचा बोगदा, खेड शिवापूरचा टोलनाका, चेलाडीचा नसरापूर फाटा आणि मग कामथडी. तालुका भोर. थडी म्हणजे नदीचा काठ, त्यामुळे पाण्याचा पत्ता नावातच दिलेला. हा सगळा शिवगंगा-गुंजवणीच्या खोऱ्याचा भाग. एका बाजूला पुरंदर, दुसऱ्या बाजूला राजगड-तोरणा. पावसाळ्यात ढग इतके खाली येतात की किल्ले कुठे होते तेच विसरायला होतं.

हायवेवरून ताशी ऐंशीने जाणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याच्यासाठी कामथडी म्हणजे एक हिरवी पाटी. मला मात्र भातखाचरांची सगळी कॅलेंडरं पाठ झालीत. आधी राब भाजणी, मग पेरणी, जुलैत लावणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी. त्याचं कारण शेतीची आवड नव्हे. आमच्या गाडीचा पत्रेवाला मूळचा वेल्ह्याकडचा (म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातला), आणि लावणी आली की तो गावी जातो. कापणीलाही जातो. मध्ये जत्रा असतेच.

पहिल्या वर्षी मी चिडले होते. ‘मिस्त्री, माणूस नाही तर दुसरा बघा ना!’ ते शांतपणे म्हणाले, ‘ताई, दुसरा आहे की. पण तो नवीन गाड्यांचा. पत्रा बदलून देतो, ठोकून देत नाही.’

या एका वाक्यात अर्धी गोष्ट आली.

उशीर होतो कुठे?

नव्या गाडीला पोचा आला तर गॅरेजवाला अख्खा पॅनेल मागवतो. तीन दिवसांत काम खलास. पद्मिनीचा पॅनेल मागवायचा कुठून? १९४४ साली वालचंद हिराचंदांच्या उद्योगसमूहाने प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी फियाटचं ‘११००’ निघालं. त्याच्या सुरुवातीच्या गोलमटोल अवताराला आपले लोक लाडाने ‘डुक्कर फियाट’ म्हणायचे! मग १९६४ मध्ये ‘डिलाइट’ आणि १९७४ मध्ये त्याच गाडीचं नाव झालं पद्मिनी. शतक बदललं तेव्हा उत्पादन थांबलं. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली गेली आणि टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली तशी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर काळी-पिवळीतली पद्मिनी रस्त्यावरून गेलीच.

त्यामुळे पार्ट ‘मागवायचा’ नसतो, ‘शोधायचा’ असतो. नाना पेठेतली स्पेअर पार्ट्सची दुकानं, बुधवार-रविवारचा जुना बाजार, तिथे नाही मिळालं तर मुंबईला कुर्ल्याचं भंगार मार्केट. मी चार रविवार फक्त मागच्या काचेच्या रबर बीडिंगसाठी हिंडलेय. एक मिळालं ते कडक झालेलं, दुसरं मिळालं ते अॅम्बेसेडरचं.

आणि ही कामं एकामागून एकच होतात. आधी गंज काढायचा. तो वरून एक रुपयाएवढा दिसतो, ग्राइंडर लावला की ताटाएवढा निघतो. आमच्या गाडीची ड्रायव्हरच्या पायाखालची सगळी जमीन गेली होती. मॅट उचललं की थेट कामथडी दिसायची! मग वेल्डिंग, मग लांबी भरणं, घासणं, प्रायमर, पुन्हा घासणं. इंजिन बोअरिंगला लेथवर गेलं की तिथे वेगळी रांग. बंपर निकेल-क्रोमला गेले की तिसरी रांग. कुशनवाला म्हणतो रंग झाल्याशिवाय सीट बसवणार नाही. रंगारी म्हणतो हवेत दमट आहे तोवर रंग मारणार नाही.

रंगाऱ्याचं खरं आहे. दमट हवेत मारलेला रंग पांढुरका पडतो, फुगतो. आणि नुसत्या प्रायमरवर गाडी ठेवली तर तो ओल पितो, खाली पुन्हा गंज धरतो. म्हणजे मारलं तरी पंचाईत, नाही मारलं तरी पंचाईत. भोरच्या पावसात चार महिने हेच.

पण सगळंच खापर पावसावर नको. शेडमध्ये एका वेळी सात गाड्या होत्या. ज्याचा अॅडव्हान्स ताजा, त्याच्या गाडीला हात लागायचा. दोन महिने माझी गाडी तसूभर हलली नव्हती आणि फोनवर मात्र ‘काम चालूच आहे ताई’. एकदा न सांगता गेले तर आमच्या बॉनेटवर कांदे वाळत घातलेले. गणपतीचा दसरा झाला, दसऱ्याची दिवाळी, मग संक्रांत, मग पाडवा. मराठी माणूस तारीख देत नाही, सण देतो. सण दर वर्षी येतो, त्यामुळे शब्द कधीच मोडत नाही!

सरकारी रांगेतही नंबर

‘एवढी जुनी गाडी? व्हिंटेज नंबर घे ना,’ असं ऑफिसात सगळे सुचवतात. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने तसा नियम केला खरा. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली गाडी, ‘व्हीए’ अक्षरांची पाटी, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. पण रोज वापरता येत नाही, आणि चासी, बॉडी, इंजिन मूळचं हवं. आमची १९७८ ची, म्हणजे २०२८ पर्यंत थांबा. आणि ‘त्यात मारुतीचं इंजिन टाकू, आठ दिवसांत पळवतो’ असं जे एका दुसऱ्या गॅरेजवाल्याने सुचवलं होतं, ते केलं असतं तर तीही वाट बंद.

तोवर साधी नोंदणी. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी गाडी आरटीओसमोर चालवून दाखवायची. आमची मुदत येत्या डिसेंबरात संपते. विटांवरची गाडी पासिंगला कशी नेणार?

पण खरी मुदत डिसेंबरची नव्हती. ती आजोबांची होती.

आजोबा ८६ वर्षांचे. पाटबंधारे खात्यात होते, नोकरीची बरीच वर्षं भाटघरला काढली. १९२८ साली बांधून पूर्ण झालेलं ते धरण, भोरच्या अलीकडचं. १९८४ मध्ये त्यांनी ही गाडी सेकंड हँड घेतली आणि पुणे-भाटघर असे शनिवार-सोमवार केले. त्या पिढीला थांबायची सवय. चेतक स्कूटरसाठी लोकांनी आठ-आठ, दहा-दहा वर्षं नंबर लावले होते. त्यामुळे आजोबा कधी चिडले नाहीत. रविवारी मी परतले की एवढंच विचारायचे, ‘काय म्हणतेय कामथडी?’ यंदाच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या डोळ्याचं आता काही होणार नाही, उजवा जपा. तेव्हापासून त्यांनी विचारणंच सोडलं. मला ते जास्त लागलं.

पुढच्या रविवारी शेडमध्ये गेले आणि बोलले, ‘मिस्त्री, रंग राहू दे. क्रोम राहू दे. इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग. एवढंच करा. तारीख सांगा, सण नको.’ ते पहिल्यांदा गप्प झाले. मग म्हणाले, ‘हे आधी बोलला असता तर ताई... तुम्हाला शोरूम गाडी पाहिजे असं मी धरून चाललेलो. इंजिन तर होळीपासून तयार आहे.’

वीस महिन्यांत हे आम्ही एकमेकांशी बोललोच नव्हतो. ते चकाचक करण्यासाठी अडले होते, आणि मला हवी होती ती चालणारी.

सतरा दिवसांनी, सांगितलेल्या तारखेच्या दोन दिवस उशिरा (सवय!), राखाडी प्रायमरमधल्या पद्मिनीची ट्रायल निघाली. मिस्त्री गाडीवर, शेजारच्या लांब सीटवर आजोबा, मागे मी. कापूरहोळला भोरचं वळण घेताना मिस्त्रींनी हँडलवरचा गिअर टाकला आणि खरकन आवाज आला. ‘क्लच पूर्ण दाबा की राव,’ आजोबा म्हणाले, ‘ही नव्या गाडीसारखी माफ करत नाही.’ भाटघरपर्यंत ते मिस्त्रींना शिकवत होते. आणि मिस्त्री, चाळीस वर्षं गाड्या उघडणारा माणूस, ‘हो दादा, हो दादा’ म्हणत होते.

तुम्हीही जुनी गाडी करायला टाकत असाल तर

पहिल्याच दिवशी ठरवा : शोची हवी की चालवायची? पैसे एकरकमी नको, टप्प्याने द्या. पत्रा, मेकॅनिकल, रंग, असे. प्रत्येक टप्प्याचे फोटो मागा. रबरी पार्ट आणि काचा काम सुरू करण्याआधी जमवा. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल आलंय, त्यामुळे जुने फ्युएल पाइप आणि कार्बोरेटरचे रबर आधी बदला. रंगाचं काम दिवाळीनंतर. आणि मिस्त्रींचं गाव कुठलं, भात कधी कापतात, तेही विचारून ठेवा.

कसं जाल, काय पाहाल?

पुणे-सातारा रस्त्यावर चेलाडी फाट्याच्या पुढे कामथडी. या रस्त्याच्या सहापदरीकरणाचं काम २०१० मध्ये सुरू झालं, मूळ मुदत मार्च २०१३ ची होती आणि पुढची कित्येक वर्षं ते चालूच राहिलं. तेव्हा आमच्या मिस्त्रींना एकट्याला नावं ठेवू नका! नसरापूरला नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं बनेश्वर. झाडी, धबधबा आणि वसईच्या मोहिमेतून आलेली म्हणून सांगतात ती पोर्तुगीज घंटा. कापूरहोळहून एका बाजूला केतकावळ्याचा बालाजी आणि नारायणपूर, दुसऱ्या बाजूला भाटघर आणि भोरचा राजवाडा. पावसाळ्यात जा, पण सकाळी लवकर निघा. वाटेत राखाडी पद्मिनी दिसली तर हॉर्न जरूर वाजवा. रंग दिवाळीनंतर मारणार आहोत.