दसरा काढताना

‘डिक्लटरिंग’ हा शब्द मी पुण्यात नोकरीला लागल्यावर ऐकला, पण ते काम मात्र मिरजगावात लहानपणापासून करत आलेय. आमच्याकडे त्याला ‘दसरा काढणं’ म्हणतात. घटस्थापनेच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत घरातली एकूण एक वस्तू बाहेर निघते. माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासायची, डब्यांना ऊन दाखवायचं, जळमटं काढायची आणि घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या धुवायच्या. पावसाळ्याची ओल आणि कुबट वास घालवायला त्या दिवसांतल्या उन्हासारखं औषध नाही. ओली गोधडी एकदा एकटीने पिळून बघा, जिमची फी वाचेल.

जपानच्या मारी कोंडोचं पुस्तक इंग्रजीत २०१४ मध्ये आलं आणि २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर तिची मालिका. एका प्रकारच्या सगळ्या वस्तूंचा एका जागी ढीग घालायचा, एकेक हातात घ्यायची आणि स्वतःला विचारायचं, हिच्यामुळे आनंद होतो का? होत नसेल तर तिचे आभार मानून निरोप द्यायचा. यातली अर्धी पद्धत आमचीच आहे. ढीग आम्हीही घालतो, अंगणात. फरक त्यानंतर पडतो. आमच्याकडे सगळं घासूनपुसून, वाळवून परत जागेवर जातं.

ते का, हे कळायला कर्जत तालुका माहीत असावा लागतो. हा पर्जन्यछायेचा पट्टा. १९७२ च्या दुष्काळात आजीने दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढले. ज्या बाईने असं वर्ष पाहिलंय ती रिकामा डबासुद्धा फेकत नाही. आजी गेली, तिची सवय आईकडे आली. २०१३ च्या उन्हाळ्यात टँकर आला की घरातलं प्रत्येक भांडं भरलं जायचं. पातेली, घागरी, अगदी लोणच्याच्या बरण्यासुद्धा. त्या दिवसांत ‘जास्तीचं भांडं’ असं काही नसायचं.

त्यामुळे आईला ‘हे टाकून दे’ म्हणणं मला कधी जमलं नाही. यंदा मात्र विषय काढावाच लागला. गेल्या दसऱ्याला माळ्यावरून परात उतरवताना आई स्टुलावरून पडली आणि मनगट दीड महिना प्लास्टरमध्ये होतं. गुडघे आधीच दुखतात. सून म्हणून आली त्या वयात तिने हा संसार मांडला. तो दरवर्षी उतरवून परत चढवायला आता ती एकटीच आहे. मी दोन दिवसांची सुट्टी टाकून येते आणि निघून जाते.

आमच्या धंद्यात या प्रश्नाला एक जुनं उत्तर आहे. प्रोग्रॅम चालताना मेमरीत वस्तू साठत जातात. त्यातल्या नको त्या आपोआप काढायची कल्पना जॉन मॅकार्थी यांनी १९६० च्या सुमारास लिस्प या भाषेसाठी मांडली. तिला गार्बेज कलेक्शन म्हणतात. मूळ कल्पनेत वस्तू किती जुनी, किती देखणी, शेवटची कधी वापरली, असलं काही विचारत नाहीत. चालू कामापासून निघून तिच्यापर्यंत पोचणारा एखादा तरी दुवा आहे का, एवढंच बघायचं. नसेल तर जागा मोकळी.

मी आईशी याच भाषेत बोलले, फक्त मॅकार्थींना मध्ये न आणता. प्रत्येक भांडं हातात घेऊन विचारलं, “हे कुणासाठी ठेवलंय?”

भांड्यांनी स्वतःच उत्तरं दिली. जुन्या पितळेवर ठिपक्या-ठिपक्यांनी नावं कोरलेली असतात. कुणी दिलं, कुणाच्या लग्नात, कोणत्या तारखेला. आईने एकेक नाव वाचलं. हा तांब्या मामाचा, ही घागर आत्याची. ज्या नावापाशी ती थांबली, ते भांडं राहिलं. काही नावं मात्र तिलाच आठवेनात. ती भांडी मोडीत घालू म्हटलं, तर तिने कान धरले. “आहेर मोडीत घालत नसतात.” मग तीच म्हणाली, मोठी पातेली आणि पराती देवळात देऊ. सप्ताहाच्या पंगतीला दरवर्षी लागतात. आपल्याला पन्नास माणसांचा भात शिजवायचा झाला, तर तिथून आणता येईल.

गोधड्या निघाल्या चौदा. पूर्वी पाहुणे मुक्कामाला राहायचे. आता गाडी काढतात आणि रात्रीच परत जातात. आजीच्या लुगड्यांच्या दोन आणि रोजच्या चार ठेवल्या. उरलेल्या आठ थंडीत शिवारात उतरणाऱ्या ऊसतोडीच्या टोळीला द्यायच्या ठरल्या. अण्णांचा कोपरा, म्हणजे मोटारीच्या वायरी, पाइपांचे तुकडे आणि नटबोल्ट, याला कुणी हात लावला नाही. रात्री बारानंतर शेतावरची लाइट येते आणि नेमका तेव्हाच स्टार्टर बिघडतो, तेव्हा त्या ढिगाची किंमत कळते.

हंड्यांवर आम्ही अडलो.

“आई, हे चार हंडे कशाला? नळ आलाय की.”

“नळ आलाय गं, पाणी कुठं रोज येतंय?”

हंडे राहिले. शहरात कमी वस्तूंत राहणं मला जमतं, कारण माझ्या खोलीबाहेर पाणी, किराणा, दवाखाना सगळं हाताशी आहे. दहा मिनिटांत घरपोच मिळणारी वस्तू साठवावी लागत नाही. माझा अर्धा पसारा कुणाच्या तरी गोदामात असतो. आईचा तिच्या घरात असतो.

शेवटी नियम एकच केला. जे आईला जमिनीवर उभं राहून, एकटीला उचलता येत नाही, ते तिच्या भरवशावर ठेवायचं नाही. माळा पूर्ण रिकामा झाला. राहिलेलं सगळं खालच्या फळ्यांवर आलं.

मग मी म्हटलं, आता स्टूलही काढू. अण्णा म्हणाले, “ते राहू दे, बल्ब बदलायला लागतं.” बल्ब त्यांनीच बदलायचे, या अटीवर स्टूल राहिलं.